लाईट जाऊन आली की वायफाय आहे, पण नेट नाही

वायफायच्या दांड्या पूर्ण, पासवर्ड बरोबर, बाजूच्या खोलीत कोणाच्या तरी मोबाईलवर मॅच मजेत चालू आहे आणि तुमचा लॅपटॉप म्हणतोय ‘नो इंटरनेट’. कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज ‘ऑफलाइन’. राउटर बंद-चालू केला की कधी सगळं सुरळीत होतं, तर कधी लॅपटॉप सुरू होतो आणि टीव्ही बसतो. हे सगळं हमखास घडतं ते लाईट जाऊन आल्यावर. पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी स्पीड विचारत नाही, कंपनी कुठली तेही विचारत नाही. घरात नेटचे डबे किती, एवढंच विचारतो. एक फायबरवाल्यांनी हॉलमध्ये लावलेला, ज्याला त्यांची माणसं ओएनटी म्हणतात. दुसरा आतल्या बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून दुकानातून आणलेला, जो शेजारच्या हुशार मुलाने नाहीतर केबलवाल्याने ‘जोडून दिला’. असे दोन डबे असतील आणि दुखणं वरच्यासारखं अधूनमधून येणारं-जाणारं असेल, तर बहुतेक वेळा दोष लाइनमध्ये नसतो. घरातल्या यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारे दोन झालेले असतात. एकच डबा असेल तर मधला भाग सोडून थेट कॅमेरा आणि प्रिंटरपाशी या, तुमचं उत्तर बहुधा तिथे आहे.

कस्टमर केअरचा ठरलेला सल्ला म्हणजे राउटर रिस्टार्ट करा. या दुखण्यात तो सल्ला वाईट आहे, कारण रिस्टार्टने कधीकधी खरंच बरं वाटतं आणि मग कारण शोधायचं राहून जातं. त्याआधी दोन मिनिटं काढून पत्ता वाचा.

पत्ता कसा वाचायचा

एक पथ्य आधी: मोबाईलवर तपासणार असाल तर मोबाईल डेटा बंद करा. वायफायला नेट नाही असं दिसलं की आजकालचे फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात, आणि ‘माझ्या फोनवर तर चालतंय’ म्हणून घरात वाद सुरू होतात.

विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिथे ‘आयपीकॉन्फिग’, एक स्पेस, तिरपी रेघ आणि ‘ऑल’ असं इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करून एंटर मारा. भसाभस ओळी येतात, घाबरू नका. ज्यांच्यापुढे ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलंय ते भाग सोडून द्या. वायफायने जोडलं असेल तर वायफायचा भाग बघा, वायरने जोडलं असेल तर इथरनेटचा. ज्या लॅपटॉपवर नेट नाही, तिथे साधारण असं दिसेल:

आयपीव्ही४ ॲड्रेस : १९२.१६८.०.१०३
सबनेट मास्क : २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट गेटवे : १९२.१६८.०.१
डीएचसीपी सर्व्हर : १९२.१६८.०.१
डीएनएस सर्व्हर्स : १९२.१६८.०.१

आता ज्या मोबाईलवर नेट चालू आहे, तो घ्या. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावापुढचं चाक दाबा, आयफोनमध्ये गोलातला ‘आय’. तिथे पत्ता दिसेल १९२.१६८.१.७ आणि गेटवे किंवा राउटर १९२.१६८.१.१.

तिसरा आकडा बघा. एकाचा शून्य, दुसऱ्याचा एक. एकाच घरात, एकाच वायफायवर दोन यंत्रांना दोन वेगवेगळ्या गेटवेचे, म्हणजे घराबाहेर जायच्या दारांचे, पत्ते मिळालेत. निदान इथेच झालं, पुढे फक्त उपचार उरतो. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, कारण प्रत्येक कंपनी आपल्या डब्याला फॅक्टरीत वेगळा पत्ता देते. १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.०.१ हे नेहमीचे, आणि १९२.१६८.२९.१ सुद्धा आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसतो. आकडे कुठलेही असोत, बघायचं एवढंच की सगळ्या यंत्रांचा गेटवे एकच आहे का.

त्या ओळींपैकी मास्क हा लोकांना सगळ्यात गूढ वाटतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ पहिले तीन आकडे ज्यांचे जुळतात ते सगळे आपल्या घरातले, त्यांच्याशी थेट बोला. बाकी कोणाशी बोलायचं असेल तर निरोप गेटवेकडे द्या. म्हणूनच शून्यवाल्या लॅपटॉपला एकवाला प्रिंटर त्याच टेबलावर असूनही सापडत नाही. लॅपटॉपच्या लेखी तो प्रिंटर परका आहे.

हा पत्ता येतो कुठून

वायफायला जोडलं जाताना तुमच्या लॅपटॉपला स्वतःचा पत्ता नसतो. तो ०.०.०.० या रिकाम्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो: कोणी पत्ता देतं का? याला डिस्कव्हर म्हणतात. जो डबा पत्ते वाटतो तो म्हणतो, हा घे, १९२.१६८.१.७ मोकळा आहे. ही ऑफर. लॅपटॉप म्हणतो, चालेल, हाच द्या. ती रिक्वेस्ट. डबा मान डोलावतो, वहीत नोंद करतो, आणि पत्त्यासोबत मास्क, गेटवे, डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा) आणि मुदत एवढं सगळं पाठवून देतो. हे चार निरोप डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. ती पहिल्यांदा १९९३ मध्ये मांडली गेली आणि आज सगळीकडे चालते तिचे नियम १९९७ मध्ये पक्के झाले. त्याआधी ऑफिसांत बऱ्याचदा संगणकांना हाताने आकडे भरावे लागत.

यातलं महत्त्वाचं: हाक सगळ्यांना जाते, आणि ऑफर एकापेक्षा जास्त आल्या तर बहुतेक यंत्रं पहिली आलेली घेऊन मोकळी होतात. कोण देतोय, त्याच्याकडे खरंच इंटरनेट आहे का, हे तपासायची सोय त्या चार निरोपांत नाही. एकाच एसटीत दोन कंडक्टर चढले आणि दोघांनी दोन वेगळ्या गावांची तिकिटं फाडायला सुरुवात केली, तर जो आधी सीटपाशी येईल त्याचं तिकीट हातात पडणार. तेच इथे होतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. पत्ता कायमचा मिळत नाही, लीजवर मिळतो. कुठल्या राउटरमध्ये दोन तासांची लीज असते, कुठे एका दिवसाची (सेटिंगमध्ये ८६४०० लिहिलेलं दिसलं तर ते सेकंद आहेत, म्हणजे पूर्ण २४ तास). निम्मी मुदत सरली की यंत्र ज्याने पत्ता दिला त्यालाच गाठून मुदत वाढवून मागतं. २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी. तिथून उत्तर आलं नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर, म्हणजे २१ तासांनी, पुन्हा सगळ्यांना हाक मारतं. म्हणून एकदा चुकीच्या डब्याचा पत्ता घेतलेला टीव्ही दिवसेंदिवस त्यालाच चिकटून राहतो, कारण तो डबा बिचारा दर वेळी आनंदाने मुदत वाढवून देतो.

मग लाईट गेल्यावरच का होतं

आतल्या खोलीतला राउटर जोडताना हॉलमधून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक) न लावता लॅनच्या (घरातली यंत्रं जोडायच्या) चार पोर्टांपैकी एकात लावलेली असते. जाऊन बघा. वॅनचा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा किंवा थोडा बाजूला असतो, आणि या घरांमध्ये तो रिकामा सापडतो. अशा जोडणीत दुसरा राउटर नुसता वायर वाढवणारा स्विच होतो, जे वाईट नाही. पण त्याचं पत्ते वाटायचं काम फॅक्टरीतून चालूच आलेलं असतं. तो पत्ता देतो आणि गेटवे म्हणून स्वतःचं नाव सांगतो. त्याच्या वॅनमध्ये वायरच नाही, त्यामुळे त्याच्याकडे गेलेला निरोप तिथेच संपतो.

एरवी हे निभतं, कारण दोन्ही डबे चालू असतात आणि कधी हा आधी बोलतो, कधी तो. निम्म्या घराचं चालतं. लाईट जाऊन आली की मात्र शर्यत एकतर्फी होते. साधा राउटर लवकर उठतो. फायबरच्या डब्याला आधी प्रकाशाचा सिग्नल जुळवायचा असतो, पलीकडच्या यंत्राकडे नोंद करायची असते, त्याला जास्त वेळ लागतो. त्या मधल्या वेळात घरातला टीव्ही, प्रिंटर, स्पीकर सगळे जागे होऊन हाक मारतात आणि उत्तर द्यायला एकटा आतला राउटर हजर असतो. सगळे त्याच्याच पदरात पडतात. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्यावर दोनपैकी एकच डबा असेल तर खेळ आणखी बिघडतो, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक खूण आहे, जी पाहून भलेभले चक्रावतात: यूट्यूब आणि गूगल चालतं, पण बँकेची किंवा सरकारी साईट उघडत नाही. लोकांना वाटतं साईटच बंद आहे. खरं कारण असं की आता यंत्रांना दोन तऱ्हेचे पत्ते असतात. वर पाहिला तो आयपीव्ही४. दुसरा आयपीव्ही६, जो लांबलचक असतो, त्यात अंक आणि अक्षरं मिसळलेली असतात आणि इंटरनेटवर चालणारा असेल तर आपल्याकडे २ ने सुरू झालेला दिसतो. आयपीव्ही६ मध्ये यंत्राला पत्ता बहुधा कोणी वाटत नाही. फायबरचा डबा फक्त पहिला भाग जाहीर करतो आणि उरलेला भाग यंत्र स्वतः तयार करतं. त्यामुळे तुमचा आयपीव्ही४ चुकीच्या गेटवेकडे गेलेला असला तरी आयपीव्ही६ बरोबर वाटेने जातो. ज्या साईट दोन्हींवर आहेत त्या उघडतात, ज्या फक्त जुन्यावर आहेत त्या अडतात. ही खूण दिसली तर मी काळी खिडकी उघडायच्या आधीच वॅनचा पोर्ट बघायला जातो.

उपाय: एका घरात पत्ते वाटणारा एकच

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे आतल्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडायचा. नव्या बहुतेक राउटरमध्ये ‘ऑपरेशन मोड’ नावाच्या पानावर तो सापडतो. त्याने पत्ते वाटणं आपोआप बंद होतं आणि राउटर फक्त वायफाय पसरवतो. पाच मिनिटांचं काम.

तो पर्याय नसेल तर तेच हाताने करायचं, पण क्रम चुकवायचा नाही. आधी दोन डब्यांमधली वायर काढा. लॅपटॉप वायरने आतल्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून, म्हणजे आपल्या उदाहरणात १९२.१६८.०.१, आत जा. पहिलं काम लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करणं. म्हणजे तो फायबरच्या डब्याच्या कुटुंबातला होतो, पण त्याच्या नावावर हक्क सांगत नाही. सेव्ह केलं की राउटर पुन्हा सुरू होईल आणि जुन्या पत्त्यावर पान उघडणार नाही, कारण तो आता तिथे राहत नाही. १९२.१६८.१.२ वर जा, पुन्हा लॉगिन करा आणि आता डीएचसीपी सर्व्हर ‘डिसेबल’ करा. मग वायर पुन्हा लॅनमध्येच लावा. वॅन रिकामाच राहू द्या.

क्रम उलटा केला, म्हणजे पत्ता न बदलता आधी डीएचसीपी बंद केलं, तर घरातलं नेट चालेल, पण पुढे कधी त्या राउटरचा वायफाय पासवर्ड बदलायचा झाला की त्याचं पान उघडत नाही. तुम्ही एकच्या घरात आणि तो शून्यच्या. मग लोक पिन खुपसून रिसेट मारतात, त्याने डीएचसीपी पुन्हा चालू होतं आणि गाडी मूळपदावर. म्हणून नवा पत्ता कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवा.

१९२.१६८.१.२ टाकण्याआधी मात्र फायबरच्या डब्यात एक नजर टाका. तो पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतो ते डीएचसीपीच्या पानावर लिहिलेलं असतं. तिथे सुरुवात २ पासून दिसली तर ती १० किंवा २० पासून करा, म्हणजे खालचे आकडे तुमच्या हातात राहतात.

वॅनमध्ये वायर लावून टाकली तर भागत नाही का, हा प्रश्न येणारच. भागतं. दुसरा राउटर फायबरच्या डब्याकडून एक पत्ता घेतो आणि आपल्या मागे स्वतंत्र घर थाटतो. नेट सगळीकडे चालतं. फक्त घराचे दोन भाग पडतात. आतल्या वायफायवरच्या मोबाईलला हॉलमधला प्रिंटर किंवा टीव्ही आपोआप दिसत नाही, आणि उलट्या दिशेने तर काहीच दिसत नाही. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वाले असतील तर तेवढंही होत नाही. राउटरला घराच्या आत आणि बाहेर एकच आकडा दिसतो, आणि निरोप कुठल्या बाजूला पाठवायचा ते त्याला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हे ओळखून आपला पत्ता स्वतःच बदलतात. जुने ढिम्म बसतात. ज्यांच्याकडे प्रिंटर नाही, टीव्हीवर मोबाईलवरून काही पाठवायचं नाही आणि मुलांसाठी वेगळे वेळेचे नियम हवेत, त्यांनी खुशाल ही जोडणी ठेवावी. बाकीच्यांसाठी माझं मत ॲक्सेस पॉइंटला.

तिसरा मार्ग म्हणजे फायबरच्या डब्यालाच ‘ब्रिज’ करून सगळा कारभार आपल्या राउटरकडे घेणं. तांत्रिक दृष्ट्या देखणा, पण त्यासाठी कंपनीकडून यूजरनेम-पासवर्ड लागतो, लँडलाइन किंवा टीव्हीची सेवा त्याच डब्यातून येत असेल तर ती अडकू शकते, आणि कंपनीला त्या डब्याची सेटिंग दुरून बदलता येते. मोठा घोळ नसेल तर त्या भानगडीत पडू नका.

आणि हो, दोन डब्यांमध्ये दोन वायरी लावल्या की दुप्पट स्पीड मिळतो, असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. एकच हाक दोन वायरींतून गोल गोल फिरत राहते आणि सगळं घर बसतं.

डबा एकच आहे, तरी होतं: कॅमेरा आणि प्रिंटर

इथे गुन्हेगार बहुधा हाताने भरलेला पत्ता असतो. कॅमेरेवाला येतो, डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) किंवा कॅमेऱ्याला कायमचा पत्ता घालून जातो, कारण ॲपमध्ये तो रोज बदलून चालत नाही. काही कॅमेरे तर खोक्यातून निघतात तेच १९२.१६८.१.१०८ असा पत्ता घेऊन. आणि पुष्कळ राउटर पत्ते वाटतात १०० ते १९९ या पट्ट्यातून. राउटरच्या वहीत १०८ ची नोंद नसते, कारण कॅमेऱ्याने तो मागितलाच नव्हता. लाईट जाते, कॅमेरा उठायच्या आत राउटर १०८ तुमच्या मोबाईलला देऊन टाकतो, मग कॅमेरा जागा होतो आणि दोघं एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. कधी कॅमेरा दिसतो, कधी मोबाईलचं नेट जातं. लॅपटॉपच्या वाट्याला तो पत्ता आला तर विंडोज निदान ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ अशी सूचना देतं. मोबाईल मुकाट्याने सोसतो.

हाताने भरलेले पत्ते राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर असले पाहिजेत. पट्टा १०० ते १९९ असेल तर कॅमेऱ्याला २०८ द्या. त्याहून चांगलं म्हणजे यंत्राला ‘ऑटोमॅटिक’वर ठेवून राउटरमध्येच आरक्षण करणं. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ नावाच्या पानावर त्या यंत्राचा मॅक ॲड्रेस आणि हवा तो पत्ता लिहायचा. मॅक म्हणजे यंत्राला कारखान्यात मिळालेला बारा अंक-अक्षरांचा क्रमांक. आता यंत्र दर वेळी मागूनच पत्ता घेईल, पण त्याला दर वेळी तोच मिळेल, आणि वहीतही नोंद राहील.

प्रिंटरचं आरक्षण तर आजच करा. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसण्याचं घरातलं सगळ्यात सामान्य कारण हेच की लाईट गेल्यावर त्याला नवा पत्ता मिळाला आणि लॅपटॉप अजून जुन्याच पत्त्यावर कागद पाठवतोय. प्रिंटरवरून नेटवर्कचा कागद छापून घ्या, त्यावर मॅक आणि सध्याचा पत्ता दोन्ही असतात. आरक्षण झालं की विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ उघडा, खूण केलेल्या ओळीवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबून तिथला पत्ता नवा करा. पुष्कळ जण इथे प्रिंटर काढून पुन्हा जोडतात. त्यानेही होतं, पण मग यादीत ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी एकाच प्रिंटरची भावंडं जमतात.

मोबाईलसाठी आरक्षण करताना एक गंमत लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक न सांगता प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट मॅक सांगतात. बाहेर कोणी माग काढू नये म्हणून हे चांगलंच आहे. पण तुम्ही ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं किंवा फोन बदलला की राउटरला पाहुणा नवा वाटू शकतो. मॅकमधलं दुसरं अंक-अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. घरच्या वायफायसाठी ही सोय फोनच्या त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बंद करता येते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर

मग गेटवेची ओळ रिकामी असेल. याचा अर्थ यंत्राने हाका मारल्या आणि कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. त्या पत्त्यावर इंटरनेट मिळणं शक्यच नाही. बघायचं असं: वायर नीट खटकन बसली आहे का, दोन्ही डब्यांत डीएचसीपी बंद तर झालं नाही ना (वरचा उपाय जोशात दोन्हीकडे केला की हेच होतं), आणि वाटपाचा पट्टा फार छोटा तर नाही. तो दहा पत्त्यांचा असेल आणि घरात पाहुणे आले, तर अकरावा मोबाईल उपाशी राहतो. नाहीतर लॅपटॉप राउटरच्या आधी जागा झाला होता एवढंच. आयपीकॉन्फिगपुढे तिरपी रेघ देऊन ‘रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’ चालवलं की तो पुन्हा हाक मारतो.

पत्ता, गेटवे सगळं बरोबर दिसतंय आणि तरी नेट नाही, तर त्याच काळ्या खिडकीत आधी गेटवेला पिंग करा (इंग्रजीत ‘पिंग’, स्पेस आणि पत्ता टाइप करून उत्तर येतं का बघा), मग गूगलच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साईटच्या नावाला. गेटवे उत्तर देत नसेल तर घरातलं दुखणं. गेटवे देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर लाइनचं, तिथे कंपनीलाच फोन. आकड्याला उत्तर मिळतं आणि नावाला मिळत नाही, तर डीएनएसचं.

ज्यांना बाहेरगावाहून घरचा कॅमेरा थेट बघायचाय आणि पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली हाक थेट कॅमेऱ्याकडे वळवायची राउटरमधली सोय) करूनही जमत नाही, त्यांनी फायबरच्या डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तो तुमचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच, त्यामुळे कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते आणि हा पट्टा २०१२ पासून त्याच कामासाठी राखलेला आहे. घरातली कुठलीही सेटिंग बदलून ते सुटत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा, नाहीतर पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, मागा.

झालं की नाही, हे कसं कळणार

पुन्हा लाईट जायची वाट बघू नका. इन्व्हर्टरवर नसतील तर दोन्ही डब्यांचे प्लग एकदम काढा, मिनिटभराने एकदम लावा. टीव्ही आणि प्रिंटरही तसेच. फायबरच्या डब्याचे दिवे स्थिर झाले की प्रत्येक यंत्रावर फक्त गेटवेची ओळ बघा. सगळीकडे १९२.१६८.१.१ दिसला पाहिजे. एखाद्या टीव्हीवर अजून शून्यवाला दिसला तर तो जुनी लीज धरून बसलाय. त्याचं वायफाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा.

एवढ्यावरही शून्यवाला परत परत उगवत असेल तर घरात तिसरा डबा आहे. रेंज वाढवणारा छोटा एक्स्टेंडर, जुना राउटर जो कोणीतरी ‘स्विच म्हणून’ टीव्हीमागे लावलाय, किंवा एखाद्या लॅपटॉपवर चालू राहिलेलं इंटरनेट शेअरिंग. काळ्या खिडकीत डीएचसीपी सर्व्हरची जी ओळ आहे, तो आकडा ब्राउझरमध्ये टाकून बघा. बहुतेक वेळा लॉगिनचं पान उघडतं आणि त्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलेलं असतं. ते घेऊन घरात शोध घ्या. कपाटामागे सापडतो.

टेक्निशियनला बोलवायचंच झालं तर ‘नेट येत नाही’ असं सांगू नका, तो येऊन रिस्टार्ट करून जाईल. त्याला सांगा, लाईट गेल्यावर यंत्रांना दोन वेगवेगळे गेटवे मिळतात, आणि दोन्ही यंत्रांच्या त्या ओळींचा फोटो आधीच पाठवून ठेवा.